कोवळं आहे तोवर

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की संध्याकाळी घरी येताना मी कर्जत स्टेशनच्या बाहेर वाट वाकडी करते. भाजीवाल्यांची मोठी रांग संपते तिथे, भिंतीला पाठ टेकून, ताडपत्रीच्या तुकड्यावर एक कातकरी बाई बसलेली असते. तिच्यापुढे तराजू नसतो. सागाच्या पानांवर मांडलेल्या जुड्या आणि वाटे असतात. सुरुवातीला टाकळा आणि फोडशी, मागाहून कुर्डू, कवळा, भारंगी, तेरी. गेली अकरा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते आहे. ती मला ताई म्हणते, मी तिला मावशी.

पहिल्या वर्षी टाकळ्याची जुडी माझ्या हातात देता देता तिने ती मागे घेतली आणि विचारलं, "घरात कोणी पोटुशी हाय का, ताई?" मला तो भोचकपणा वाटला. नाही म्हटल्यावर जुडी मिळाली. पुढे लक्षात आलं की टाकळा घेणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला ती हे विचारते. कोवळा टाकळा पोट साफ करतो, जून झालेला पोट ढाळतो, आणि तिच्या वाडीत तो गरोदर बाईच्या ताटात वाढत नाहीत. टाकळा आणि सोनामुखी एकाच वंशातल्या वनस्पती. सोनामुखीला रेचक करणारी अँथ्राक्विनोन गटातली द्रव्यं टाकळ्यातही असतात. टाकळ्याचा लेप पूर्वीपासून नायट्यावर लावत आले आहेत, आणि संस्कृतात त्याचं एक नावच दद्रुघ्न, म्हणजे नायटा घालवणारा, असं आहे. भाजी म्हणून मी जे पिशवीत टाकत होते ते अर्धं औषध होतं, आणि ती ते औषधासारखंच, कुणासाठी हवं हे विचारून, देत होती.

टाकळा मला नवा नव्हता. माझ्या आत्याचं घर पालीला, सरसगडाच्या पायथ्याशी. शाळा सुरू व्हायच्या आधीचे चार दिवस आम्ही तिच्याकडे असायचो. दोन-तीन सरी झाल्या की गडग्याच्या कडेने टाकळा असा दाट उगवायचा की माती दिसायची नाही. आत्या आम्हाला सूप देऊन खुडायला पाठवायची आणि बजावायची, उन्हं कलायच्या आत परत या. कारण दिवस मावळायला लागला की टाकळा पानं मिटतो, आणि मिटलेलं पान ओळखता येत नाही. उघड्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या दिसतात. टोकाकडची जोडी सगळ्यांत मोठी असते, आणि प्रत्येक पर्णिका टोकाला गोल. टोक निमुळतं, टोकदार दिसलं की हात मागे घ्यायचा. तो कासविंदा.

"तो आपला नाही," एवढंच आत्या म्हणायची. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात कित्येक वर्षं थंडीच्या तोंडावर लहान मुलं अचानक बेशुद्ध पडून दगावत असत. मेंदूज्वर समजून उपचार चालायचे. २००७ च्या सुमारास बिजनौर भागातल्या डॉक्टरांनी छडा लावला तेव्हा कळलं, खेळता खेळता मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतलं बी खाल्लेलं होतं. त्याचं विष यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर चालून जात होतं. ते वाचलं त्या दिवशी मला आत्याचं सूप आठवलं. पानाचं टोक गोल की निमुळतं हे बघायला शिकवताना ती आम्हाला काय शिकवत होती, ते इतक्या वर्षांनी उमगलं.

खुडून आणलेला टाकळा ती निवडायची, धुवायची आणि मगच चिरायची. मे महिन्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळून, सुकवून कोनाड्यात ठेवलेल्या असत. त्या उकडून, ठेचून घ्यायच्या. लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण, कांदा, हिरवी मिरची. मग टाकळा, मग आठळ्या. झाकण नाही. टाकळ्याचा उग्र वास सगळ्या घरभर होऊन हळूहळू उतरायचा, आणि तो उतरला की आत्या वरून मूठभर ओलं खोबरं घालायची. गोव्यात याच भाजीला तायकिळ्याची भाजी म्हणतात, आणि तिथेही आठळ्या सुटत नाहीत. घाटावरच्या माझ्या मैत्रिणीला ही जोडी विचित्र वाटते. पहिल्या पावसातला कोवळा पाला आणि सरत्या उन्हाळ्यातल्या आठळ्या एका कढईत येतात, हे मला मात्र फार देखणं वाटतं.

पाल्याशी घाई केली की काय होतं, ते मी तेरीच्या बाबतीत भोगलं आहे. तेरी म्हणजे रानातलं अळू. मावशीने देताना सांगितलं होतं, शिरा सोल, हाताला तेल लाव, चिंच बरी घाल आणि गाळ होईपर्यंत शिजव. त्या संध्याकाळी मला उशीर झाला होता. मुलाला आंबट आवडत नाही म्हणून चिंच नावाला घातली, आणि कुकरची एक शिटी कमी केली. पहिल्याच घासाला सात वर्षांचा माझा मुलगा रडायला लागला. जीभ, ओठ, घसा, सगळीकडे सुया टोचतायत म्हणाला. त्याने नेमका शब्द वापरला होता. तेरीच्या आणि अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखर सुयांच्या जुड्यांसारखे दिसतात. पान चावलं की सुया सुटतात आणि घशात रुततात. रात्रभर मी त्याला चमचा चमचा दही भरवत बसले. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली. "सांगितला होता ना तुला," एवढंच बोलली आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. तो राग मी जपून ठेवला आहे. पोराच्या घशाची काळजी तिला माझ्याइतकीच वाटली होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शाकवर्ग आहे. कोणती भाजी थंड, कोणती उष्ण, कोणती ग्रहणीवर चांगली हे सगळं त्यात आहेच, पण मी थांबते ती एका साध्या सूचनेपाशी. बऱ्याच पालेभाज्यांबद्दल चरक सांगतो की त्या वाफवाव्यात, रस पिळून टाकावा आणि मग भरपूर स्नेह घालून खाव्यात. मावशी भारंगी अशीच करते. भारंगी कडू, खोकल्याला आणि दम्याला तिचं मूळ वैद्य देतात, पाला भाजीला जातो. ती पानं उकळून, थंड पाण्यातून काढून, दोन्ही तळव्यांत घट्ट पिळते आणि मग भिजवलेल्या वालाबरोबर, कांद्यावर, गुळाचा खडा घालून परतते. तिने चरक वाचलेला नाही, आणि चरकाने ते कुठून तरी बघूनच लिहिलं असणार, अशाच कुण्या बाईच्या ओल्या तळव्यांकडे, असं मला नेहमी वाटतं.

या कृतीची कारणं आज रसायनशास्त्राच्या भाषेतही सांगता येतात. पिळलेल्या पाण्याबरोबर कडवट द्रव्यं जातात, विरघळणारं ऑक्झलेट बरंचसं जातं. गडद हिरव्या पानातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही. म्हणून तेलाची फोडणी. पानातलं लोह आतड्याला सहजी घेता येत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. म्हणून वरून लिंबू किंवा एखादं आंबट फळ. घोळीच्या भाजीत ताक घालतात, त्यालाही असाच अर्थ आहे: ताकातलं कॅल्शियम घोळीतल्या ऑक्झलेटला पोटातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं.

घोळीबद्दल मात्र जरा जास्त लिहायला हवं, कारण ही जमिनीला चिकटून पसरणारी, लाल देठाची, मांसल पानांची वनस्पती आपण शेतातून उपटून बांधावर फेकतो. १९८६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आर्टेमिस सिमोपोलस यांनी सहसंशोधकाबरोबर घोळीवर लिहिलं, आणि जे ओमेगा तीन मेद लोक माशांच्या तेलात शोधतात त्याच कुळातला एक मेद या पानांत चांगल्या प्रमाणात आहे हे जगापुढे आलं. दुसरी गोष्ट मला त्याहून नवलाची वाटते. पाण्याची ओढ बसली की घोळ श्वासाची वेळ बदलते. दिवसाच्या उन्हात पानांची छिद्रं उघडी ठेवली तर पाणी उडून जाईल, म्हणून ती हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेते आणि मॅलिक आम्ल करून साठवते. दिवसा ते आम्ल वापरून संपतं. त्यामुळे कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ आंबट लागते आणि तीच संध्याकाळी खुडली तर सौम्य. कुणी कुठल्या वेळी खुडायची सवय लावून घेतली, त्यावर त्या घराची चव ठरत आली. विदर्भात तिची धाकटी बहीण, चिवळ, ऐन उन्हाळ्यात बाजारात येते, तेव्हा दुसरा हिरवा पाला शोधूनही मिळत नाही.

पण पिळून टाकलेल्या पाण्याने मला पुष्कळ दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. कारण त्या पाण्याबरोबर फोलेटही जातं.

फोलेटची गोष्ट मुंबईत सुरू होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर इथे आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी चालू होती. शहरातल्या गरीब बायकांना, त्यांत गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या, आणि ज्या असत त्या फुगलेल्या. विल्सने त्यांच्या जेवणाकडे बघितलं, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिलं तर त्या बऱ्या होतात हे शोधून काढलं. १९३१ साली तिचा लेख प्रसिद्ध झाला. अर्कातला तो घटक कोणता, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून तो वेगळा केला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोलिक आम्ल ठेवलं. आज आरोग्य केंद्रात प्रत्येक गरोदर बाईला लोहाबरोबर मिळणाऱ्या गोळीत तेच असतं.

गिरणगाव कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी भरलेलं होतं. गावी असताना भाताच्या बांधावरून, वाफ्यातून, परसातून ओंजळभर पाला रोज फुकट घरात येत होता. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीला बांध नव्हता. त्या बायकांच्या रक्तात जे कमी पडलं त्याचं नाव शेवटी पानावरून पडावं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते.

मग पाणी पिळायचं की नाही? मावशीला मी हे माझ्या भाषेत विचारलं. तिला प्रश्नच कळेना. पिळायची ती भारंगी. टाकळा, कुर्डू, माठ, कवळा, यांचं पाणी कशाला टाकायचं, ते तर कढईतच आटतं. म्हणजे कुठल्या पानाला पाण्यातून काढायचं आणि कुठल्याला नाही, हे पानागणिक ठरलेलं आहे, आणि सगळ्या पाल्याला एकच नियम लावणारी मीच होते.

अलीकडे रानभाज्यांना बरे दिवस आले आहेत. कृषी खात्याचे महोत्सव भरतात, बचत गटांच्या बायका थाळ्या करतात, लोक रांगा लावून खातात. मी आवर्जून जाते. मात्र एका महोत्सवातल्या फलकांपुढे उभी असताना मी अस्वस्थ झाले. प्रत्येक भाजीखाली रोगांची यादी होती: मधुमेह, मूतखडा, मूळव्याध, सांधेदुखी, कर्करोगसुद्धा. किती खायची, कधीची खायची, कोणी खाऊ नये, याबद्दल एक ओळ नव्हती. कुर्डूचं बी मूतखड्यावर देण्याची जुनी रीत आहे. पण ज्याला ऑक्झलेटचे खडे होतात त्याने बहुगुणी म्हणून घोळ आणि अंबुशी भरपूर खाल्ली तर त्याचं दुखणं वाढेल. पानाचा गुण रोगाच्या नावाला चिकटवला की त्याच्याभोवतीची सगळी सावधगिरी गळून पडते. मावशीचा एक प्रश्न त्या सगळ्या फलकांपेक्षा जास्त वैद्यकीय होता. शंभर ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि पालकात ऐंशीच्या आसपास, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नोंदलेलं आहे. असे आकडे लिहायला हवेत. शेजारी गोकुळाष्टमीला कोकणात शेवग्याच्या पाल्याची भाजी कशी करतात तेही लिहायला हवं.

या सगळ्यात मला सलते ती गोष्ट निराळीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ४८ टक्के बायकांना रक्तक्षय होता. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत तो आकडा ५४.२ झाला. मावशी त्या आकड्यात आहे. तिच्या वाडीत तपासणी झाली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन आठाच्या खाली निघालं होतं. जिच्या हातून दर पावसाळ्यात शेकडो घरांना लोह आणि फोलेट पोचतं, तिचे स्वतःचे डोळे खालच्या पापणीत पांढरे. ती पहाटे डोंगरात जाते, कोवळे शेंडे जुडीत बांधते, आणि उरलेला जरड पाला घरी नेते. वीस रुपये जुडी. त्या पैशांतून तांदूळ, तेल, चहा-साखर येते. जेवणावर लगेच कोरा चहा होतो, आणि चहातली टॅनिनं पानातलं उरलंसुरलं लोह अडवून ठेवतात. मी तिला हे एकदा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चहा नसला तर भूक लागते, ताई." त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

तिची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हातात पैसा नसतो, शेतात अजून काही नसतं. त्या पंधरवड्यात टाकळा आणि फोडशी हेच जेवण. आपण ज्याला रानमेवा म्हणून कौतुकाने खातो, त्याने तिच्या घराचा अडलेला महिना निभावलेला असतो.

फोडशी गवतासारखी लांब पानांची. तिची मुळं बाजारात सफेद मुसळी म्हणून महाग विकली जातात. या वंशातल्या मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात बोरिवली आहे. तिला ते नाव देणाऱ्यांत झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव होते. बोरिवलीत आज ती कुणाला पायाखाली दिसेल? मावशी पानं विळ्याने वरून कापते, कंद जमिनीत राहतो, पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. व्यापाऱ्यांची माणसं कंदच उपटून नेतात, आणि त्या जागी पुढच्या वर्षी काहीच येत नाही. तिच्या नेहमीच्या डोंगरउतारावर आता दोन फार्महाऊस झाली आहेत, त्यांना तारेचं कुंपण आहे. खालच्या शेतांच्या बांधांवर तणनाशक मारतात. दुसऱ्या दिवशी टाकळा, कुर्डू, माठ, सगळं एकाच पिवळ्या रंगाचं होऊन पडलेलं असतं. तसल्या बांधावरचा पाला ती खुडत नाही आणि रुळांच्या कडेचाही खुडत नाही, कारण त्याला वास येतो म्हणते. त्यामुळे तिला दर वर्षी जास्त लांब चालावं लागतं. मागच्या वर्षी तिला उजाडायच्या आत दोन तास चालून जावं लागत होतं.

श्रावण लागला की ती टाकळा आणायचं बंद करते. श्रावणात पालेभाजी वर्ज्य करणारी शाकव्रताची चाल मी लहानपणापासून बघते आहे. तेव्हा ती नुसती देवाधर्माची वाटायची. गेल्या श्रावणात मी हट्टाने टाकळा मागितला. तिने शेजारच्या पडीक जागेतलं एक रोप धरलं आणि अंगठ्याच्या नखाने शेंडा मोडला. आषाढात तो टच्च आवाज करून तुटतो. आता तो लवला, मग चिरफळला, आणि देठाला सालीचा लांब दोरा लोंबत राहिला. तो दोरा तिने माझ्या बोटाला गुंडाळून दाखवला. "आता त्याला बी धरू दे," म्हणाली.

या वर्षी आषाढातल्या एका संध्याकाळी मी तिच्यापाशी उकिडवी बसून कुर्डू बघत होते. लोकलमधून उतरलेली एक मुलगी थांबली, ऑफिसची बॅग खांद्याला, केस ओले. टाकळ्याच्या दोन जुड्या उचलून तिने पैसे पुढे केले. मावशीने नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी गोंधळली. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "मीच आहे. तिसरा लागलाय."

मावशीने तिच्या हातातल्या दोन्ही जुड्या काढून घेतल्या. पाठीमागच्या टोपलीत ओल्या फडक्याखाली तिने घरी न्यायला ठेवलेला तांदुळजा होता, कोवळा, अजून माती लागलेला. त्यातला निम्म्याहून जास्त तिने सागाच्या पानात बांधून मुलीच्या पिशवीत घातला. मुलगी पैसे देऊ लागली तेव्हा मावशीने वीसची एकच नोट ठेवून घेतली.

"आधी धू, मग चिर," ती म्हणाली. "चिरून धुवू नको, सगला पान्यात जाते."